कडीत कडी : चिलखत इतिहासातलं आणि चिलखत गोष्टीतलं



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींनी मला आधीच विचारलं की, सर, तुम्ही तर तत्त्वज्ञानाचे, तुमचा चिलखताशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक खोड असते. लोक ज्या शब्दावरून सहज पुढे जातात तिथे तो अडखळतो. हल्ली तो शब्द आहे ‘रिअ‍ॅलिस्टिक’. अद्भुतरम्य मालिका येतात, चित्रपट येतात, त्यात ड्रॅगन उडतात, मेलेले उठून चालतात, आणि आपली नातवंडं म्हणतात, ‘आजोबा, पण चिलखत अगदी रिअ‍ॅलिस्टिक दाखवलंय!’ ड्रॅगन चालतो, पण चिलखत मात्र खरं हवं. हे काय गौडबंगाल आहे? आज आपण तेच बघू. आणि त्यासाठी फार लांब जायचं नाही. आपल्याकडे या विषयातला एक असा प्रसंग आहे की तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. चिलखत म्हटलं की डोळ्यांसमोर पत्र्याचा सांगाडा येतो. आज मी बोलणार आहे ते कड्यांच्या चिलखताबद्दल. लोखंडाच्या छोट्या छोट्या कड्या एकमेकींत ओवून केलेला अंगरखा. नेहमीच्या विणीत एक कडी चार शेजारणींमधून जाते. युरोपात केल्ट लोकांकडे सुमारे २३०० वर्षांपूर्वीचे याचे नमुने मिळतात, पुढे रोमन सैन्याने ते उचललं, इराण-तुर्कस्तानात ते रुजलं आणि तिकडून आपल्याकडे आलं. फारसीत त्याला ‘जिरह’ म्हणतात. आपल्या बखरींतला ‘जिरेबख्तर’ हा शब्द त्यातूनच आला. आणि ‘जिरेटोप’ही! आज आपण जिरेटोप म्हणतो तेव्हा मोत्यांचा तुरा लावलेली रेशमी पगडी डोळ्यांपुढे येते. पण शब्दाच्या पोटात बघा, तिथे लोखंडी कड्या आहेत. जिरेटोप म्हणजे मुळात डोकं वाचवायचं साधन. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता समोर बसलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त मंडळी पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत राबलेली आहेत. तुम्हाला चिलखत समजावून सांगायला इतिहासापेक्षा शॉपफ्लोअरची भाषा जास्त सोपी. समजा, दीड मिलिमीटर जाडीची तार आहे. तिची आतून आठ मिलिमीटर व्यासाची कडी वळवली. एका कडीला साधारण तीन सेंटिमीटर तार लागेल. लोखंडाची घनता तुम्हाला पाठ आहे. एका कडीचं वजन येतं चार दशांश ग्रॅमच्या आसपास. अंगरख्याला अशा पंचवीस हजार कड्या धरल्या, तर तार लागली पाऊण किलोमीटर आणि वजन झालं दहा किलो. संग्रहालयांतली चिलखतं तोलली तरी वजनं याच टप्प्यात येतात. काही हलकी, काही जड. म्हणजे हिशेब जमतो.

पण खरा हिशेब वजनाचा नाही, वेळेचा आहे. ही तार बाजारात रीळभर मिळत नव्हती. लोखंडाची कांब तापवून, ठोकून, मग कमी कमी होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून ती करायची. सोनार आजही चांदीची तार तशीच ओढतो. ओढता ओढता तार कडक होते, म्हणून पुन्हा तापवून मऊ करायची. मग दांड्याभोवती गुंडाळायची, कापायची, टोकं ठोकून चपटी करायची, त्या चपट्या टोकांत बारीक भोक पाडायचं, कडी शेजारच्या चार कड्यांत ओवायची आणि इवलीशी मेख घालून ठोकून बंद करायची. रिवेट! तीही दोन मिलिमीटरच्या जागेत. आपल्याकडच्या आणि इराणी कामात पुष्कळदा एक ओळ अखंड कड्यांची आणि एक ओळ मेखेच्या कड्यांची असते. त्यामुळे निम्मं मेखेचं काम वाचतं. तरी साडेबारा हजार मेखा उरल्या. एका कडीला सगळं मिळून पाच मिनिटं धरली, तर हजारावर तास होतात. आठ तासांची शिफ्ट म्हटली तर एकशे तीस शिफ्ट. एका माणसाचं चार-पाच महिन्यांचं काम, आणि यात तार ओढायचा वेळ धरलेलाच नाही.

आता मला सांगा, पडद्यावर राजाच्या मागे दहा हजार सैनिक उभे असतात, सगळ्यांच्या अंगात चकचकीत चिलखत. तेरा लाख शिफ्टचं काम! मग त्या राज्यात कारागिरांच्या वस्त्या कुठे आहेत? कोळसा कुठून येतो? खाणी कुठे आहेत? गोष्टीत यातलं काहीच नसतं. मला खटकतं ते इथे. ड्रॅगनबद्दल माझी तक्रार नाही, तो जादूने आला. पण चिलखत जादूने आलं असं गोष्ट म्हणत नाही. ते ‘आहे’ इतकंच म्हणते. घडवणारा माणूस गोष्टीतून पुसला गेला.

इतिहासात हा हिशेब लोकांना नीट कळत होता. म्हणून चिलखत ही सरदारांची, मातब्बरांची वस्तू राहिली आणि लुटीत ती आवर्जून उचलली जाई. विजापूरची आदिलशाही १६८६ मध्ये बुडाली, त्यानंतर थोड्याच वर्षांत अदोनीचा किल्ला मोगलांकडे गेला. मोगलांच्या बाजूने बिकानेरचे महाराज अनुपसिंह दक्षिणेत होते. अदोनीहून आलेली चिलखतं बिकानेरच्या शस्त्रागारात पोचली. म्हणजे दख्खनचा कडी-पत्र्याचा माल वाळवंटात गेला आणि तिथल्या कोरड्या हवेत टिकला. आपल्या कोकणात, मावळात चार महिने पाऊस. तेल चोळत बसलं नाही तर कड्यांना गंज धरणारच.

आणि साधा मावळा? त्याच्या अंगात काय होतं? घोंगडी, बाराबंदी, डोक्याला पागोटं, पाठीला ढाल. मराठी फौजेचं बळच मुळी हलकं असण्यात होतं. घाट चढायचा, रातोरात मजल मारायची, अंगावर येणाऱ्याला दमवायचं. दहा किलो लोखंड खांद्यावर घेऊन हे होत नाही. हल्ली ऐतिहासिक चित्रपटांत प्रत्येक मावळ्याला चामड्याचे पट्टे आणि लोखंडी छातीकवच चढवतात. दिसतं छान. पण त्याने मावळ्याचा मान वाढत नाही, उलट कमी होतो. कारण तो सुती कपड्यात उभा होता, हीच तर गोष्ट आहे.

आता त्या प्रसंगाकडे येऊ. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहिलं आहे की महाराजांनी सुती अंगरख्याच्या आत कड्यांचं चिलखत आणि पगडीच्या आत लोखंडी कड्यांची टोपी घातली होती; आणि खान मात्र पातळ मलमलीच्या वस्त्रात होता. जदुनाथ सरकारांनीही चिलखत आणि पोलादी टोपी सांगितली आहे. त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. तिच्यात खानाने महाराजांची मान काखेत दाबून कुशीत जमदाड चालवली, ती कुडत्यावरून घासत गेली आणि अंगाला लागली नाही, असं येतं.

आता समजा, हा प्रसंग एखाद्या कल्पित कादंबरीत आला असता आणि कुणी टीकाकाराने विचारलं असतं, ‘हे वास्तव वाटतं का?’ तर आपण काय उत्तर देऊ? भक्तीने नको, यंत्रशाळेच्या डोक्याने देऊ.

कड्यांचं चिलखत तीन तऱ्हेच्या माराला तीन तऱ्हेने वागतं. पहिला, धारेचा वार. तलवार कड्यांवर ओढली तर कापत नाही, कारण धार एका वेळी पुष्कळ कड्यांवर पडते आणि जोर वाटला जातो. सिनेमात तलवार चिलखतातून लोण्यासारखी जाते, ते साफ खोटं. मग घालायचंच कशाला? दुसरा, टोकाचा खुपसा. इथे चिलखत कच्चं आहे. सगळा जोर एका कडीवर येतो. मेख तुटली की कडी उघडते. म्हणून तर आपल्याकडच्या काही कट्यारींची टोकं मुद्दाम जाड केलेली असतात आणि पेशकब्जाला पाठीशी टी आकाराचा कणा आणि सुईसारखं टोक असतं. ती चिलखत फोडायची हत्यारंच आहेत. तिसरा, ठोसा. गदा, गुर्ज, घोड्याची लाथ. कडी तुटणार नाही, पण हाड मोडेल. कापडासारखं लवचीक चिलखत धक्का अडवत नाही. त्यासाठी आत कापूस भरलेला जाड अंगरखा लागतो. तो नसेल तर निम्मं संरक्षण गेलं.

मग जमदाड हे तर टोकाचं हत्यार. ते घुसायला हवं होतं! इथे प्रसंग नीट बघावा लागतो. दोन माणसं मिठीत आहेत. एका हाताने मान दाबलेली. दुसऱ्या हाताला मागे खेचून झेप घ्यायला जागा नाही. वार कुशीत, म्हणजे बरगड्यांच्या गोलाईवर, तिरका. दाबलेला माणूस झटापट करतोय, स्थिर नाही. हाताला पल्ला नाही, कोन सरळ नाही, खाली कड्या घसरत आहेत. अशा वेळी टोक घासत जाणं हे चमत्कार नाही, अगदी संभवनीय आहे. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण तर्क वस्तूच्या गुणधर्मावर उभा आहे. तोच वार मोकळ्या मैदानात, धावत्या घोड्यावरून भाल्याने आला असता तर निकाल वेगळा लागला असता.

म्हणजे बघा, या प्रसंगात चिलखताने महाराजांना अजिंक्य केलं नाही. त्याने त्यांना एक क्षण दिला. फक्त एक क्षण. उरलेलं काम सावध बुद्धीने, बिचव्याने आणि वाघनखांनी केलं. चिलखताचं खरं स्वरूप हेच: ते मरण रद्द करत नाही, थोडं लांबवतं.

अद्भुतकथा इथेच दोन टोकांना जातात. एका टोकाला चिलखत म्हणजे नुसता पोशाख. कुणीही कुठूनही भोसकावं. दुसऱ्या टोकाला चिलखत म्हणजे वज्र. काही लागतच नाही. पण चांगल्या अद्भुतकथा या दोन्ही टोकांना जात नाहीत, आणि हे आपल्या महाभारताला फार आधी कळलं होतं. कर्णाच्या कवचकुंडलांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती सोडून देऊ. द्रोणपर्वात दुसरी आहे. जयद्रथाच्या वधाचा दिवस. द्रोणाचार्य दुर्योधनाला मंत्रून एक अभेद्य कवच बांधतात. अर्जुनाचे बाण त्यावर आपटून पडतात. आता जादूच म्हटल्यावर गोष्ट संपली की! पण नाही. अर्जुन कवच ओळखतो आणि बाण मारतो ते दुर्योधनाच्या तळहातांवर, बोटांवर, जिथे कवच पोचत नाही तिथे. कवच अशक्य कोटीतलं आहे, पण ते अंगावर बांधायचं आहे, म्हणजे त्याला कडा आहेत, आणि कडेबाहेर माणूस उघडाच आहे. गोष्टीने जादू मानली आणि मग जादूचेही नियम पाळले.

टोल्किनच्या कथेतही असंच आहे. फ्रोडोच्या अंगात मिथ्रिल नावाच्या कल्पित धातूचा कड्यांचा सदरा असतो. भाल्याचा जबर वार बसतो, सदरा फुटत नाही. पण पुढे बघितलं तर अंगावर मोठा काळानिळा वण आहे आणि आतल्या चामड्यातून कड्या मांसात रुतलेल्या आहेत. धातू खोटा, वण खरा. हा लेखक कड्यांचा स्वभाव जाणून होता.

अ‍ॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात म्हटलंय त्याचा आशय असा: जे घडणं अशक्य आहे पण पटतं, ते कवीने पत्करावं, जे शक्य आहे पण पटत नाही, ते टाळावं. सुरुवातीच्या गौडबंगालाचं उत्तर इथे आहे. ड्रॅगन हा अशक्य, पण गोष्टीच्या जगात पटणारा. लोण्यासारखं कापलं जाणारं चिलखत हे मात्र न पटणारं, कारण लोखंड हे गोष्टीतही लोखंडच आहे. गोष्ट जे बदललंय म्हणून सांगते तेवढं आपण बदललेलं मानतो. बाकीचं जग आपण आपल्या घरून घेऊन येतो. नातवाला ‘रिअ‍ॅलिस्टिक’ म्हणायचं असतं ते हेच.

इथे कुणी विचारेल, मग पडद्यावरच्या नटांनी खरंच दहा किलोचं चिलखत घालावं का? अजिबात नाही. आणि हे मी नाही, भरतमुनी सांगतात. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचा, म्हणजे वेशभूषा आणि रंगसाहित्याचा विचार आहे. तिथे स्पष्ट आहे की शस्त्रं, दागिने, वाहनं खऱ्या जड वस्तूंची करू नयेत, नट थकतो. बांबू, कापड, चामडं, लाख, अभ्रक अशा हलक्या वस्तूंची करावीत. टोल्किनच्या कथेवरच्या चित्रपटांसाठी न्यूझीलंडमधल्या कारागिरांनी प्लॅस्टिकच्या नळ्या कापून, एकेक कडी ओवून, वर धातूचा मुलामा देऊन चिलखतं केली. भरतमुनींनी पाठ थोपटली असती. त्याआधी लोकरीच्या दोऱ्याचं विणकाम करून त्याला चंदेरी रंग मारायची पद्धत होती, तीही चालते. लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद आपल्या परंपरेत आहेच. वस्तू खोटी असू द्या, तिचं वागणं खरं ठेवा. प्लॅस्टिकचं चिलखत घातलेला नट जर खांदे ओघळून चालला, कमरेला शेला घट्ट बांधून वजनाचा भार कमरेवर घेताना दिसला, तळ उतरताच आधी चिलखत काढून हुश्श म्हणाला, तर ते खरं.

‘काढून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गोष्टींतले वीर चिलखतात जेवतात, चिलखतात झोपतात. खऱ्या चिलखताचा सगळ्यांत मोठा दोष हा की ते चोवीस तास अंगावर ठेवता येत नाही. आपल्या चाकणचाच पाहुणा घ्या. शाइस्तेखान. १६६० मध्ये त्याने चाकणचा संग्रामदुर्ग वेढला. फिरंगोजी नरसाळ्याने तो छोटा भुईकोट छप्पन्न दिवस लढवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला. आता सुरुंगापुढे कड्यांचं चिलखत काय करणार? बंदुकीच्या गोळीपुढेही नाही. दारूगोळ्याने चिलखताची सद्दी हळूहळू संपवली. पुढच्या काळातल्या आपल्याकडच्या कित्येक चिलखतांत तर मेखाच नाहीत, नुसती टोकं जुळवलेल्या कड्या, त्यात पितळेच्या-तांब्याच्या कड्यांची नक्षी. मिरवायची वस्तू झाली ती. असो. तोच शाइस्तेखान १६६३ च्या एप्रिलात, रमजानच्या महिन्यात, रात्री पुण्याच्या लाल महालात निजलेला असताना गाठला गेला. एवढ्या मोठ्या सुभेदाराकडे चिलखतं, लोखंडी दस्ताने काय कमी असतील? पण झोपेत कोण घालतं? बोटं गेली. अर्जुनाचा बाण आणि महाराजांची तलवार, दोन्ही शेवटी हातावरच पोचली.

आणि आता हाताचा विषय निघालाच आहे तर आजच्या चाकणमध्ये येऊ. कड्यांचं चिलखत संपलेलं नाही. मांस कापणाऱ्या कारखान्यांत आजही कामगार स्टेनलेस स्टीलच्या बारीक कड्यांचे हातमोजे घालतात. आपल्याकडे पत्र्याचं काम करणारी पोरं धार अडवणाऱ्या धाग्यांचे मोजे आणि बाह्या घालतात. तत्त्व तेच, कापू न देण्याचं. आणि मर्यादाही तीच! पत्र्याची धार ते अडवतील. पॉवर प्रेसखाली बोट सापडलं तर कुठलाच मोजा वाचवत नाही. तिथे गार्ड लागतो, सेन्सर लागतो, दोन्ही हातांनी दाबायची बटणं लागतात, आणि उत्पादन वाढावं म्हणून ती बटणं बांधून न ठेवण्याची अक्कल लागते. कामगाराच्या हातात मोजा देऊन ‘आता तू सुरक्षित’ म्हणणं हे त्याला मंत्रलेलं कवच बांधण्यासारखं आहे. द्रोणाचार्यांचंही चाललं नाही ते.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यांत गंभीर. पडद्यावरचा वीर एक गोष्ट कधी घालत नाही. शिरस्त्राण. सगळी फौज टोप घालून, आणि नायक केस उडवत पुढे. कारण उघड आहे, चेहरा दिसला पाहिजे. खऱ्या लढाईत मात्र ज्याच्याकडे एकच वस्तू घ्यायची ऐपत होती तो आधी डोकं झाकत असे. नाट्यधर्मी म्हणून मी नायकाला माफ करतो. पण हे चित्र इतकं मनात मुरलंय की आपल्याला डोकं झाकणं म्हणजे भित्रेपणा वाटायला लागलाय. नाशिक फाट्यावर उभे राहा आणि बघा. हेल्मेट आहे, पण आरशाला लटकवलेलं किंवा कोपरात अडकवलेलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ते घालायला सांगितलंय, आणि आपल्याकडे त्याच्याविरुद्ध आंदोलनं झालेली तुम्ही पाहिली आहेत. गाडीवर पुढे महाराजांचं चित्र, आणि चालवणारा उघड्या डोक्याने.

त्या चित्रातला जिरेटोप बघा, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्या माणसाच्या शौर्याबद्दल कुणालाही शंका नाही, तो माणूस भेटीला निघताना पगडीखाली लोखंडी टोपी आणि अंगरख्याखाली कड्यांचं चिलखत घालून निघाला. तो कुणाला दाखवायला नाही घातला; झाकून घातला. आपला देह मर्त्य आहे, तो एका वाराने जाऊ शकतो, आणि अजून पुष्कळ काम बाकी आहे, हे ज्याला ठाऊक असतं तोच चिलखत घालतो. अजिंक्य असलेल्याला चिलखत लागत नाही, आणि म्हणून त्याच्या शौर्यालाही अर्थ राहत नाही. चिलखत काढून टाकलं तर आपण महाराजांना मोठं करत नाही, त्यांचा निर्णयच काढून घेतो.

तेव्हा अद्भुतकथा जरूर वाचा, बघा, नातवंडांबरोबर बघा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रं, चिलखतं ठेवलेली आहेत, तिथे त्यांना घेऊन जा. काचेला नाक लावून एक कडी शोधा आणि तिची मेख दिसते का बघा. ती मेख ठोकणाऱ्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. पण कडी अजून उघडलेली नाही.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि घरी जाताना कृपा करून हेल्मेट डोक्यावर घाला.